तीन इंचांवरचा ठिपका

मित्रांनो, दवाखान्यात औषधं देतात त्या खिडकीमागे, कापसाच्या डब्याला टेकून बसलेला जुना लेझर प्रिंटर म्हणजे मी. आवाज आता घरघरतो, पण तेरा वर्षं एकाच जागी बसून मी पुष्कळ काही ऐकलं आहे. त्यातली एक गोष्ट सांगायची राहून गेली होती.

माझा जन्म कारखान्यातला. तिथलं फारसं आठवत नाही. खोक्यातून बाहेर आलो तेव्हा पहिला चेहरा दिसला तो कंपाउंडरचा. त्यांना सगळे मामा म्हणतात. मामांना स्वच्छतेचं भारी वेड. डाग दिसला की त्यांचा हात स्वस्थ बसत नाही.

माझ्या पोटात एक लांबट पेटी असते, टोनर कार्ट्रिज. तिच्यात काळी पूड असते आणि एक गुळगुळीत हिरवा रूळ असतो, त्याला ड्रम म्हणतात. अक्षर आधी या ड्रमवर उमटतं, मग कागदावर उतरतं. त्याच्या पुढचा तापलेला रूळ पूड वितळवून ते अक्षर पक्कं करतो. बस, एवढंच माझं काम.

सुरुवातीला माझं फार कौतुक झालं. डॉक्टरबाईंचं अक्षर एकट्या मामांना लागायचं. माझ्यामुळे ते सगळ्यांना वाचता येऊ लागलं. पुढे कुरबुरी सुरू झाल्या. कागद अडकायचे, दोन-दोन एकदम ओढले जायचे. मामा मला थापट्या मारायचे. खरं तर कागदांचा गठ्ठा ठेवला होता बेसिनच्या शेजारी, तो ओल धरायचा. गठ्ठा कपाटात गेला आणि माझं दुखणं संपलं. थापट्यांचा हिशेब मात्र कोणी ठेवला नाही.

मग एकदा छपाई फिकी यायला लागली. मामांनी पेटी बाहेर काढली आणि आडवी धरून सुपासारखी हलकेच हलवली. हे अगदी बरोबर केलं. तळाशी एका बाजूला बसलेली पूड सारखी पसरते आणि आणखी काही दिवस निघतात. पण तेवढ्यात त्यांना हिरव्या ड्रमवर काळा डाग दिसला. मामाच ते. त्यांनी नखाने तो खरवडला. डाग गेला आणि ड्रमवर तिथे बारीकसा ओरखडा राहिला.

त्या दिवसापासून ड्रमच्या दर फेऱ्याला कागदावर एक काळा ठिपका पडू लागला. मला बोलता येत नाही. काय सांगायचं ते मी कागदावरच सांगतो. मी रोज सांगत होतो, पण ठिपक्याकडे कोण बघतो? बहुतेक वेळा तो कोऱ्या जागेतच पडायचा.

एका सकाळी शिवणकाम करणाऱ्या एक ताई सासऱ्यांना घेऊन आल्या. म्हाताऱ्यांचे पाय सुजले होते. डॉक्टरबाईंनी पातळ औषध दिलं. कागद माझ्यातून बाहेर पडला, मामांनी बाटली दिली आणि दोघं घरी गेली.

आठ दिवसांनी दोघं परत आली. सूज उतरली नव्हती, उलट गुडघ्यापर्यंत चढली होती. डॉक्टरबाईंनी बाटली उजेडात धरली.

"ही तर गळ्यापर्यंत भरलेली आहे. औषध देता की नुसतं फडताळात ठेवता?"

बाकावर बसलेली माणसं ताईंकडे बघू लागली. एक बाई शेजारणीच्या कानात काही पुटपुटली. ताईंचा चेहरा उतरला. "देते हो. दोन्ही वेळा देते," एवढंच त्या म्हणाल्या.

"असंच चाललं तर मोठ्या इस्पितळात न्यावं लागेल यांना. खरं काय ते सांगा."

तेव्हा म्हातारे बोलले. "डॉक्टर, सुनेला बोलू नका. नळीत ओढून मोजते ती. थेंब सांडू देत नाही."

"नळीत? बाटलीबरोबर कप दिलाय ना?"

"दीड मिली कपात कसं मोजणार?" ताई म्हणाल्या. "बिनसुईची नळी विकत आणली मी."

डॉक्टरबाईंनी कागद मागितला. त्यांनी लिहिलं होतं १५ आणि कागदावर दिसत होतं १.५. मधला ठिपका माझा होता. मित्रांनो, त्या क्षणी मला पोटातली सगळी पूड सांडून टाकावीशी वाटली.

ताईंनी कागद वाकडा करून पाहिला. शिवणाऱ्या बाईची नजर ती. "इथे खाली पण आहे की एक. आणि हा वर." गळ्यातली टेप काढून त्यांनी कागदावर ठेवली. "तीन इंच. हा पण तीन इंच. लिहिणाऱ्याचा हात असा मोजून पडत नाही."

मामांनी काही न छापता कोरे कागद माझ्यातून काढून पाहिले. प्रत्येकावर ठिपके, एकाच उभ्या ओळीत, तीन-तीन इंचांवर. मामांनी पेटी उघडली, ड्रम पाहिला आणि मग स्वतःचं नख पाहिलं. "हे माझं काम," ते म्हणाले.

डॉक्टरबाई उठून बाकांपाशी आल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "ताई, चूक आमची होती. तुमच्यावर उगाच आळ घेतला." ताईंनी मान हलवली आणि मग पदराने डोळे पुसले.

चार-पाच दिवसांत सूज उतरू लागली. मला नवी पेटी मिळाली. ताईंनी दिलेल्या जुन्या टेपचा तुकडा मामांनी माझ्या झाकणावर चिकटवला आहे. रोजचा पहिला कोरा कागद ते त्याच्याशी लावून पाहतात. आकड्यापुढे आता अक्षरीही छापतात: पंधरा.

मित्रांनो, आमच्या ड्रमला बोट लावू नका, त्याला उन्हात ठेवू नका. आणि कागदावर एकच खूण पुन्हापुन्हा दिसली तर मोजून बघा. यंत्र काहीतरी सांगत असतं.

ताई अजूनही येतात. कागद हातात आला की आधी तो उजेडाकडे धरतात आणि आकड्यांवरून बोट फिरवतात. मला दर वेळी ओशाळायला होतं. तरी त्यांनी ते बोट फिरवणं सोडू नये, असंच मला वाटतं.