साठाव्या पानानंतर

बाईंच्या उमेदीची सगळी वर्षं गणितातल्या एका सिद्धतेत गेली, आणि निवृत्तीच्या समारंभात त्यांच्याच लाडक्या विद्यार्थिनीने ती अर्ध्या फळ्यात उरकली. वर म्हणते कशी, "ही माझी बाईंना भेट!" घ्या!

तसा प्रश्न शाळकरी पोरालाही कळेल असा. एक, दोन, तीन असे सगळे आकडे चार-पाच रंगांत हवे तसे रंगवा. कुठल्यातरी एका रंगात असे न संपणारे आकडे सापडतातच, की त्यांतल्या कुठल्याही वेगवेगळ्या आकड्यांची बेरीज केली तरी ती त्याच रंगाची निघते. बाईंनी हे आकड्यांशी झटापट करून सिद्ध केलं होतं. ऐंशी पानं! पोरीने आकड्यांना हातही लावला नाही. आकड्यांच्या संचांमधून तिने टोपॉलॉजीची, म्हणजे आकारांच्या गणितातली, एक जागा उभी केली, स्वतःत स्वतःला मिळवलं तरी तोच राहणारा एक बिंदू त्या जागेत दाखवला आणि खडू खाली ठेवला. बाकीचं आपोआप निघालं.

टाळ्यांचा कडकडाट झाला. बाईंनीही वाजवल्या. सिद्धता चोख होती, खरं सांगायचं तर देखणी होती. आता ती ऐंशी पानं कोण कशाला वाचतंय?

तेवढ्यात त्यांचं लक्ष नवऱ्याकडे गेलं. हा माणूस टोपॉलॉजीचा प्राध्यापक. याच्या विषयात कुणी तोंड उघडलं की मध्ये नाक खुपसल्याशिवाय राहायचा नाही. आज मात्र मूग गिळून बसला होता, आणि फळ्याकडे नाही, बाईंकडे बघत होता.

गाडीत बसल्या बसल्या बाईंनी विचारलं, "तुम्हाला हे ठाऊक होतं?"

"होतं."

"कधीपासून?"

"तू साठाव्या पानावर होतीस तेव्हा. असंच सहज सुचलं."

सहज! बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "मग वाचा बसली होती का तुमची?"

"अगं, तू इतकी रमली होतीस. तुझं मन कसं मोडायचं?"

"म्हणजे कीव केलीत माझी."

"प्रेम म्हण ना."

साठ ते ऐंशी पानं म्हणजे तीन वर्षं. त्या तीन वर्षांत गावी बाईंची आई अंथरुणाला खिळलेली होती. फोनवर विचारायची, "कधी येतेस गं?" बाई म्हणायच्या, "थोडंच राहिलंय आई. एवढं संपलं की तुझ्याजवळच राहते." आईने काही तेवढा धीर धरला नाही.

"मी आईला थोडंच राहिलंय म्हणायचे," बाई म्हणाल्या, "तेव्हा तुम्ही शेजारच्याच खुर्चीत असायचात ना हो?"

"असायचो."

"ऐकू यायचं?"

त्याने मान खाली घातली. "यायचं."

"आणि ती गेली तेव्हा मला जवळ घेऊन काय म्हणालात? रडू नकोस, तुझा नाइलाज होता."

प्राध्यापकांनी गाडी सुरू करायला किल्ली लावली. बाई गाडीतून उतरल्या आणि बसस्टॉपकडे चालू लागल्या.