कानसेन आणि डिकीतली घरघर

वकीलबाईंनी गाडी दुकानासमोर उभी केली आणि उतरण्याआधीच खिडकीतून डोकं बाहेर काढून म्हणाल्या, "काल डिकीत बसवलेलं ते तुमचं सबवूफर. घरघरतंय!"

कानसेनने गाडी दुकानात आत घ्यायला लावली.

त्याला सगळे कानसेनच म्हणत. गाड्यांमध्ये स्पीकर बसवणारे पुष्कळ असतात, पण गाणं लावून डोळे मिटायचे आणि "डाव्या दाराची वायर उलटी जोडलीय" असं नुसत्या कानाने सांगायचं, हे त्या रस्त्यावर त्यालाच जमायचं. काम करताना हातून स्क्रू निसटला, तर तो खाली बघायचाही नाही. टण्ण आवाज कुठे झाला त्यावरून बरोबर तिथे बोटं घालून स्क्रू वर काढायचा. या नावाचा तोरा त्याने मिरवलाही भरपूर. दुकानाची पाटी रंगवली तेव्हा नावाशेजारी एक मोठा कान काढून घेतला. रंगाऱ्याला कान काही साधला नाही, लोकांना तो काजू वाटायचा, पण ते असो.

अडचण एवढीच होती, की वर्षभरापासून त्या कानांनी दगा द्यायला सुरुवात केली होती. सबवूफरचा ठोका त्याला छान ऐकू यायचा, तो काय, छातीतच वाजतो. हरवले होते ते बारीक आवाज. इंडिकेटरची टिकटिक, किल्ल्यांची खुळखुळ, आणि सैल प्लॅस्टिकची ती घरघर, जिच्या जिवावर त्याचं नाव झालं होतं.

मग इतके दिवस निभावलं कसं? तर बायकोमुळे. ती दुकानाच्या मागच्या कोपऱ्यात सीट कव्हरं शिवायची. तिचे कान तिखट. गाडीतून काही वावगं वाजलं, की पायडलवरचा तिचा पाय आपोआप थबकायचा आणि शिलाई मशीनचं चाक उभं राहायचं. हे त्याने हेरून ठेवलं होतं. गाणं लावायचं आणि तिरक्या नजरेने चाकाकडे बघायचं. चाक थांबलं, म्हणजे घरघर आहे. मग एकेक भाग हाताने दाबत जायचं. चाक पुन्हा फिरलं, म्हणजे जागा सापडली. गिऱ्हाईक चाट पडायचं. बायकोला यातलं काहीएक ठाऊक नाही, अशी त्याची पक्की समजूत होती. नवऱ्यांच्या अशा पक्क्या समजुती बऱ्याच असतात.

आणि आज नेमकी ती रेक्झिन आणायला बाजारात गेली होती.

"लावा बरं गाणं," तो म्हणाला.

धम, धम, धम. त्याने सवयीने डोळे मिटले, मान जराशी कलती केली.

"ऐकू येतंय ना?" वकीलबाईंनी विचारलं.

"येतंय की!"

"कुठून येतंय? मला तर पुढून वाटतंय."

"वाटतं तसं. बेसचा आवाज फार फसवा असतो," तो म्हणाला. वाक्य खरं होतं, म्हणून जरा जोरातच म्हणाला.

त्याने कामाला हात घातला, पण चित्त थाऱ्यावर नव्हतं. आधी ॲम्पचा गेन, म्हणजे आवाजाचा जोर, उतरवला. "आता?" वकीलबाई म्हणाल्या, "आहे." अर्थिंगची वायर सोडवली, खालचा पत्रा घासून चकचकीत केला, वायर पुन्हा आवळली. "आता?" "आहे." सबवूफरच्या खोक्याचे सगळे स्क्रू पिळले, नंबर प्लेटच्या मागे फोमची पट्टी चिकटवली, स्टेपनी हलवून बसवली. एकीकडे तळहात लावून बघावं, तर बेसमुळे सगळी डिकीच थरथरत होती. त्यात कुठला थरथराट चांगला आणि कुठला वाईट, हे हाताला काय कळणार? मधेच पाना आणायच्या निमित्ताने तो दाराशी जाऊन आला. रस्त्याच्या टोकाला बायको दिसत नव्हती. परत आला, पाना खाली ठेवला, आणि आता पेचकस हवा म्हणून पुन्हा दाराशी गेला.

"तुम्ही सारखं मलाच काय विचारताय?" वकीलबाई स्टुलावरून उठल्या. "तुम्हाला काय ऐकू येतंय ते सांगा ना."

"गिऱ्हाइकाचं समाधान महत्त्वाचं," असं म्हणून त्याने डिकीत डोकं खुपसलं. घामाने सदरा पाठीला चिकटला होता. हे आज बाहेर फुटलं तर संध्याकाळपर्यंत रस्ताभर होणार, याची त्याला खात्री होती. बहिऱ्या कानसेनकडे गाडी कोण आणेल?

तेवढ्यात बायको आली. काखेत रेक्झिनची गुंडाळी. तिने गाडीकडे बघितलं, मग त्याच्या तोंडाकडे बघितलं. कोपऱ्यात गेली आणि मशीनवर बसली. चाक फिरायला लागलं तसा त्याचा जीव भांड्यात पडला.

"लावा हो गाणं!" तो आता रुबाबात म्हणाला.

धम, धम, धम. चाक फिरत होतं. त्याने आवाज वाढवायला सांगितलं. चाक फिरतच होतं. उजवी बाजू दाबली, सोडली. चाक आपलं फिरतंय. म्हणजे नंबर प्लेटचीच भानगड होती तर! त्याने डिकी आपटून बंद केली आणि फडक्याला हात पुसले.

"गेली बघा घरघर. खुशाल न्या गाडी."

"काय गेली?" वकीलबाई त्याच्याकडे बघतच राहिल्या. "अहो, चांगली वाजतेय की!"

त्याने वळून बायकोकडे बघितलं. चाक भरधाव फिरत होतं. पण रेक्झिनची गुंडाळी बाजूला तशीच बांधलेली होती, आणि मशीनच्या सुईखाली काहीच नव्हतं. ती रिकामी मशीन मारत होती. सरळ त्याच्याकडे बघत होती आणि तिचे डोळे भरले होते.

त्याला आधी राग आला. परक्या बाईसमोर नाक कापलं हिने! आणि मग त्या रागामागून बाकीचं लक्षात येत गेलं. म्हणजे तिला ठाऊक होतं. तो चाकाकडे बघतो हे ठाऊक होतं, आणि वर्षभर ती त्याच्यासाठी चाक थांबवत आली होती. गेल्या आठवड्यात एक टेम्पो पींपीं करत रिव्हर्समध्ये येत होता आणि हा पाठमोरा उभा होता. तिने धावत येऊन कॉलर धरून ओढलं म्हणून वाचला. "ऐकलं होतं मी, जरा विचारात होतो," असं त्याने तिला वर सुनावलं होतं. त्यावर ती काही बोलली नव्हती.

ती आज बोलली. पाय थांबवला, उठून जवळ आली आणि त्याला तोंड दिसेल अशी उभी राहिली.

"सांगा त्यांना."

त्याने फडकं पिळलं, कोरडंच होतं तरी पिळलं.

"बाई, मला ती घरघर ऐकूच येत नाहीये. वर्ष झालं."

वकीलबाईंनी खिडकीतून हात घालून गाणं बंद केलं. "मग मघाशीच सांगायचंत ना. मी कान लावला असता की डिकीला. दोघांनी मिळून शोधलं असतं."

बायकोने डिकी उघडली. कान लावला नाही, काही नाही. तिने त्याचा हात धरला आणि डाव्या कोपऱ्यात, खालच्या प्लॅस्टिकवर नेऊन ठेवला. "इथलं उघडा."

त्याने उघडलं. आत पत्र्याच्या घडीत एक स्क्रू पडला होता. त्याचाच, कालचा.

"तुला कसं कळलं?"

"काल तुमच्या हातून पडला तेव्हाच ऐकला मी. टण्णकन पडला. म्हटलं, आता बोटं घालतील, मग घालतील. मी वाट बघत बसले." तिने पदराने नाही, हातानेच डोळे पुसले. "आणि तुम्ही डबीतून दुसरा स्क्रू घेतलात. वर शीळ घालत पिळलात."

वकीलबाई गेल्या. जाताना त्यांनी गाणं मोठ्याने लावलं आणि अंगठा वर करून दाखवला.

तो स्क्रू घेऊन उभाच होता. मग त्याने स्क्रूंच्या डबीचं पत्र्याचं झाकण जमिनीवर ठेवलं आणि वरून स्क्रू सोडला. स्क्रू झाकणावर आपटून उडाला, गरगरला, पडून राहिला. त्याने उचलला, हात खांद्यापर्यंत नेला आणि पुन्हा सोडला.

"वाजला?" त्याने विचारलं.

"वाजला."

"मोठ्याने?"

तिने मान डोलावली.

"मग चल," तो म्हणाला. "डॉक्टरकडे जाऊन येऊ."

तिने पर्स केव्हाच खांद्याला लावली होती. त्याने शटर ओढलं. रस्ता ओलांडताना त्याने डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, आणि तरीही तिचा हात धरला.