ज्ञानोबा फौजी राक्षस होतो

चैतालीला कॉलेजच्या स्पर्धेसाठी मोबाइलवर राक्षसाचा सिनेमा काढायचा होता, आणि राक्षसाला शोभेल अशी उंची आख्ख्या युसूफ वडगावात एकट्या तिच्या बापाची होती. ज्ञानोबा फौजी आढेवेढे न घेता तयार झाला. अंगात बारदान, पाठीवर कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्यांचे काटे, डोक्यावर तेलाचा पत्र्याचा डबा. असला अवतार रोज घरात बघते, असं त्याच्या बायकोनं, सिंधुबाईनं शेजारणीला सांगूनही टाकलं.

गोची वेगळीच होती. तोफा डागल्या तरी राक्षस चालतच राहतो, असा प्रसंग होता, आणि तोफा म्हणजे सुतळी बॉम्ब. ज्ञानोबा कारगिलला लढून आलेला. पुढं निवृत्त होऊन आला तेव्हा रिवाजाप्रमाणे गावानं फटाके लावून मिरवणूक काढली, तर हा पठ्ठ्या पहिल्याच माळेला जीपखाली शिरला. चप्पल शोधत होतो म्हणाला. पायात बूट होते. तेव्हापासून लग्न असो की निवडणूक, फटाक्यांच्या वेळी याला नेमकं रानात काम निघायचं. आपला बाप भितो हे लेकीला कळू नये, एवढीच त्याची धडपड होती.

पहिला बॉम्ब फुटला आणि राक्षस पोटावर आडवा. ठेच लागली म्हणाला. दुसऱ्यांदा काट्यांचं वजन झालं म्हणाला. तिसऱ्यांदा मात्र सबबच सुचेना. डब्यात त्याचे दात वाजत होते, आणि सिनेमात ज्यांनी भिऊन पळायचं ती गावातली माणसं पोट धरून हसत होती.

चैतालीनं मोबाइल खाली ठेवला आणि ती त्याच्याजवळ मातीत बसली. लागलं का, विचारलं.

तोंड झाकलेलं होतं म्हणून असेल, पण खरं निघून गेलं. "भ्याव वाटतंय, बाई. लई वर्सं झाली, जात न्हाई."

तिला बापाची लाज वाटली नाही, उलट सिनेमाच चुकलाय असं वाटलं. मग तिनं सगळ्यांना बजावलं की आता कुणी पळायचं नाही. बॉम्ब फुटला की राक्षसासोबत गावानंही आडवं व्हायचं.

बॉम्ब फुटला. सगळे पडले. माजी सरपंच सुंदरराव तेवढे इस्त्रीचा सदरा सांभाळत, मान वर काढून मोबाइलकडं बघत राहिले.

ज्ञानोबानं डबा काढून बाजूला ठेवला.

"सुंदरराव, डोकं खाली घ्या," तो शांतपणे म्हणाला. "आमी सहाजण व्हतो. चौघांनी असंच वर बघितलं."

सुंदररावांनी टोपीसकट तोंड मातीत घातलं.