गादीचं बीपी

नर्सिंग कॉलेजच्या मॅडम प्रॅक्टिकलच्या वह्या तपासत होत्या. एका नोंदीपाशी त्यांचा पेन थांबला. 'गुरुवार, सकाळी आठ. खाट नऊ. बीपी एकशे वीस, ऐंशी.' आता गंमत अशी, की नऊ नंबरच्या आजोबांना बुधवारीच घरी सोडलं होतं. मॅडम स्वतः त्यांना दारापर्यंत पोचवून आल्या होत्या. गुरुवारी त्या खाटेवर नुसती गादी होती. गादीचं बीपी मात्र अगदी उत्तम!

वही होती खारूताईची. वॉर्डात सतत तुरुतुरु पळते म्हणून पेशंटनीच तिचं हे नाव पाडलं होतं.

मॅडमनी तिला बोलावून वही पुढे सरकवली. पोरीच्या तोंडचं पाणीच पळालं.

"घाईत खाट चुकली असेल, मॅडम."

"असेल. बस. माझं बीपी घे."

तिने दंडाला पट्टा गुंडाळला, फुगा दाबला, स्टेथोस्कोप कानाला लावून हवा सोडली. "एकशे वीस, ऐंशी."

"अगं, गोळ्या खाऊनही माझं सहा वर्षांत एकशे चाळीसच्या खाली आलेलं नाही!"

पितळ उघडं पडलं, तशी ती रडायलाच लागली. "मला ठोके ऐकूच येत नाहीत, मॅडम. पहिल्या दिवशी तुम्ही विचारलंत, आला का आवाज? सगळे आला, आला म्हणाले. मीही म्हणाले. मग नंतर कुठल्या तोंडाने विचारणार? तेव्हापासून मनचेच आकडे लिहिते."

मॅडमना संताप आला होता. असल्या आकड्यावर विसंबून कुणाला भलतीच गोळी गेली असती तर? पण चाळीस जणांना एका दमात 'आला का?' विचारून पुढे सरकलेल्या बाईही त्याच होत्या. ते त्यांना टोचत राहिलं.

प्राचार्य म्हणाले, "काढून टाका. बाकीच्यांना दहशत बसेल."

"दहशत बसली तर आकडे आणखी सफाईने रचतील, सर. शिक्षा द्याच, पण काम येईपर्यंत तिला सोडायचं नाही."

बरीच वादावादी झाली. शेवटी ठरलं: वहीला शून्य, सगळी प्रॅक्टिकल पुन्हा, आणि आधी रोज सकाळी मॅडमकडे शिकवणी. केलेली लबाडी तिने वॉर्डच्या मुख्य सिस्टरना स्वतः सांगायची.

तिने सांगितली. सिस्टरनी तिला फैलावर घेतलं आणि तिच्या सगळ्या पेशंटचं बीपी पुन्हा मोजलं. सुदैवाने कुणाला काही झालेलं नव्हतं.

शिकवणीच्या पहिल्याच सकाळी उलगडा झाला. स्टेथोस्कोपची कानात घालायची टोकं नाकाच्या दिशेला वळलेली लागतात. ही इतके दिवस उलटी घालत होती. मॅडमनी ती फिरवली. खारूताई दचकलीच.

"मॅडम... हे धप धप..."

"तेच ते, बाळा."

त्याच दिवशी मॅडमनी वर्गात सांगितलं, "भीड ही भिकेची बहीण. ज्यांना ठोके ऐकू येत नाहीत, त्यांनी शनिवारपर्यंत या. एकही मार्क कापणार नाही."

शनिवारी सहाजण आले. सगळ्यात पुढे, मान खाली घालून, वर्गात पहिला येणारा मुलगा!

पुढच्या महिन्यात खारूताईच्या नव्या वहीत एक नोंद आली: 'खाट चार. आजी फार हलत होत्या, आकडा नीट मिळाला नाही. पुन्हा मोजते.'

मॅडमनी त्याखाली सही केली आणि कडेला लिहिलं, 'थांब, मीही येते.'