रेडिएटरपुढचं पोतं

बोरी नदीवरचा पूल वाहून गेला तेव्हापासून ईरप्पाच्या मागं शुक्लकाष्ठ लागलं. सोमवार-गुरुवार बायकोला, नीलम्माला, डायलिसिसला सोलापूरला न्यायचं म्हणजे शेतांमधली गाडीवाट, आणि नदी इतकी वळणाची की तीनदा ओलांडावी लागे. भावकीतली जुनी फोर बाय फोर जीप मिळाली, हेच नशीब.

दर पाण्याआधी उतरून रेडिएटरपुढं पोतं बांधायचं, म्हणजे पंखा इंजिनावर पाणी उडवत नाही. मग पहिल्या गिअरवर, अॅक्सिलरेटरवरचा पाय न उचलता पलीकडं. तिथं पोतं सोडायचं, नाहीतर इंजिनाला वारा लागत नाही. "पोतं काढा," असं नीलम्मा दर वेळी, तो काढायला उतरत असला तरी, न चुकता सांगे.

आज सोमवारी तिसरं पाणी ओलांडून जीप मुरमाच्या चढाला लागली आणि बॉनेटमधून वाफा निघाल्या. ईरप्पानं इंजिन बंद केलं, उतरून पाहिलं. पोतं तसंच बांधलेलं. त्यानं स्वतःलाच एक कचकचीत शिवी घातली. साडेनऊ वाजलेले, मशीनवरचा नंबर अकराचा, अजून दीड तासाची वाट आणि इंजिन निवायलाच अर्धा तास. नंबर हुकला तर गुरुवारपर्यंत अंगात पाणी साठणार. मागं एकदा त्या पाण्यानं तिचा श्वास कोंडला होता, ते तो विसरला नव्हता.

पोतं सोडून तो तिच्याकडं आला. "तुला दिसलं न्हाय व्हय?"

"दिसलं की."

"मग बोलली का न्हाईस?"

नीलम्मानं सुजलेले पाय सीटवर ओढून घेतले. "साकु आता. बास. मी बी दमले, तुमी बी दमला."

"मी कवा म्हनलो दमलो?"

"म्हनाय कशाला लागतंय. कदी इसरत नव्हता, आज इसरला की."

ईरप्पानं चिडावं तर ती खोटं काय बोलली होती? एकदाचं सुटू दे, असं परवाच त्याच्या मनात येऊन गेलं होतं. ते हिनं ओळखलं, या विचारानं त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो तिच्या दाराशी मुरमातच बसला.

"दमलोय," तो म्हणाला. "ह्या वाटंला दमलोय. तुला न्हाय."

इंजिन निवलं, त्यानं रेडिएटरमध्ये पाणी भरलं, किल्ली फिरवली. जीप सुरू झाली, पण पुढं घ्यावी की माघारी, त्याला विचारायचा धीर होईना.

"पोचेस्तवर नंबर गेलाच असंल," नीलम्मा म्हणाली. "जाऊन बसू की. कुनी आलं न्हाय तर घेत्याल मला."