डिस्कवरचं कुंकू

जो ओरडतो त्याचं काम आधी, हा सोनालीचा धंद्यातला एकमेव नियम. लग्नाचे व्हिडिओ जोडून देण्याचा धंदाच तसा. एखाद्या वरमाईचा तिसरा फोन आला, की सोनाली मुकाट्यानं खुर्चीत बसायची आणि त्या बाईचं लग्न मार्गी लावायची. लक्कव्वा कधी ओरडली नाही. म्हणून तिच्या मुलीच्या लग्नाचा व्हिडिओ वैशाखापासून दसऱ्यापर्यंत जसाच्या तसा पडून होता.

लक्कव्वा जुन्या हुबळीतली. तिच्या नवऱ्याची, बाळाप्पाची, तिथल्या एका बोळात चुरमुऱ्यांची भट्टी होती. शीतलचं, म्हणजे लेकीचं, लग्न लावून दिलं आणि महिनाभरात तो झोपेतच गेला. तेव्हापासून लक्कव्वा अधूनमधून हुबळीतल्याच लॅमिंग्टन रोडच्या मागच्या गल्लीत सोनालीच्या घरी यायची. रिकाम्या हातानं कधीच नाही. चुरमुऱ्यांची पिशवी खाली ठेवायची आणि विचारायची, "झालं काय गं, यव्वा?"

"मशीनवर लावलंय, अक्का. पुढच्या आठवड्यात देते."

मशीनवर काहीही लावलेलं नसायचं. संध्याकाळी त्याच चुरमुऱ्यांचं गिरमिट व्हायचं आणि त्याचा पहिला घास सोनालीच्या घशाखाली उतरायचा नाही. दुसरा उतरायचा. माणूस कशालाही सरावतो.

लक्कव्वाला खरं तर सगळं लग्न नकोच होतं. सोनालीची एक पद्धत होती. लग्नात ती मुलीच्या आईवडलांना एकेकटं बाजूला घ्यायची, सदऱ्याला किंवा पदराला छोटा माईक लावायची, आपल्या कानाला हेडफोन चढवायची आणि म्हणायची, मुलीसाठी दोन शब्द बोला. मग ते व्हिडिओच्या शेवटी टाकायची, लोक हमखास रडायचे. लक्कव्वा कॅमेऱ्यापुढं लाजून पळाली होती. बाळाप्पा मात्र, जो भट्टीवर दिवसभरात चार वाक्यं बोलला तर खूप, तो मंगल कार्यालयाच्या कोठीघरात तांदळाच्या पोत्यावर बसला, आत आलेल्या सगळ्यांना त्यानं बाहेर काढलं आणि चांगला वेळ बोलला. काय बोलला ते घरी कुणालाच सांगितलं नाही. "व्हिडिओत बघा की," एवढंच म्हणाला, आणि गेला.

"ह्यांचं बोलणं तेवढं काढून दे की, यव्वा," लक्कव्वा म्हणायची. "बाकीचं लगीन मागनं बघतो मी."

ते काम एका दुपारचं. सोनालीला ते पक्कं ठाऊक होतं. पण तुकडा काढून दिला तर पूर्ण व्हिडिओ कधी, असा प्रश्न आला असता, म्हणून ती म्हणायची, "सगळं एकदमच देते ना, अक्का."

गणपतीपासून कॉम्प्युटरमधली जुनी हार्ड डिस्क टकटक करायला लागली. पाल चुकचुकावी तशी. त्या डिस्कवर सोनालीचं सगळं काम होतं, त्यात बाळाप्पाही होता. कॅमेऱ्याची कार्डं तिनं पुढच्या लग्नांसाठी कधीच पुसून टाकली होती. टकटक ऐकली की ती गाण्याचा आवाज वाढवायची. शेवटी दसऱ्याच्या तोंडावर तिनं ओळखीच्या कॉम्प्युटरवाल्या दीपककडून दोन नव्या डिस्क आणल्या, एक कामाला आणि एक नकलेला. त्याच दिवशी बसवणार होती. पण दुसऱ्या दिवशी खंडेनवमी होती.

"नवी वस्तू आहे, आधी पूजेला ठेव की," सासूबाई म्हणाल्या. सोनाली त्यांना आत्याबाई म्हणायची. सुलभाबाई म्हणजे सरळ बाई. शिलाई मशीन, स्कूटर, विळी, सोनालीच्या नवऱ्याच्या, प्रसादच्या, दुकानातला तराजू, सगळ्यांची त्या मनापासून पूजा करायच्या. "एका दिवसानं काय बिघडतंय?"

सोनालीनं हो म्हटलं, आणि भक्तीनं म्हटलं असं नाही. आजचं उद्यावर ढकलायला देवाचंच निमित्त मिळालं, तर ते कुणाला नको असतं! नवमीला दोन्ही डिस्क पाटावर मांडल्या गेल्या, त्यांना हळदकुंकू लागलं, झेंडूचं फूल मिळालं. पूजेला मांडलेल्या हत्यारांना त्या दिवशी कुणी हात लावत नाही. दसऱ्याला बन्नीची पानं, म्हणजे इथलं सोनं, वाटण्यात दिवस गेला. त्याच्या दुसऱ्या दिवशी सोनालीनं कॉम्प्युटरचा डबा उघडला, डिस्क बसवल्या, वायरी जोडल्या आणि बटण दाबलं.

कॉम्प्युटर सुरू झाला. जुनी डिस्क टकटकली. नव्या दोन्हींचा पत्ता नाही.

तिनं बंद केलं, वायरी काढून पुन्हा घट्ट बसवल्या, चालू केलं. नाही. वायरी बदलल्या. नाही. सुरू होतानाच्या निळ्या पडद्यावर शिरून यादी पाहिली. तिथं जुनी होती, नव्यांचं नाव नव्हतं. हात लावला तर दोन्ही डिस्क थरथरत होत्या, म्हणजे वीज पोचत होती. जिवंत होत्या, पण ओळख देत नव्हत्या. मग तिनं एक बाहेर काढून उजेडात धरली, आणि वायर जिथं बसते तिथल्या सोनेरी दातांपाशी तिला कुंकवाचे दोनचार कण दिसले.

नेमकी त्याच वेळी लक्कव्वा दारात उभी राहिली, चुरमुऱ्यांची पिशवी घेऊन.

"झालं काय गं, यव्वा?"

आता या बाईला काय सांगायचं? खोटं सांगून सांगून सोनालीच्या थापा संपल्या होत्या. आणि हातात तर खरंखुरं कारण लाल होऊन बसलं होतं.

"कुठलं होतंय, अक्का! आज देणारच होते. आमच्या आत्याबाईंनी नव्या डिस्कला कुंकू फासून ठेवलं. गेलं ते आत. आता मशीन ओळखतच नाही. सगळं अडकलं बघा."

एवढं बोलून तिनं मान वळवली, तर आतल्या दारात सुलभाबाई. हातात लक्कव्वासाठी चहा. त्यांनी कप खाली ठेवला. लक्कव्वाच म्हणाली, "असू दे की, देवाचं कुंकू हाय," आणि चहा न पिता गेली.

सोनालीला लाज वाटली. पण लाज वाटली म्हणून माणूस शब्द मागं घेतोच असं नाही. पुष्कळदा तो शब्द खरा करून दाखवायच्या मागं लागतो. दोन दिवस ती तेच करत होती. ब्रशनं दात साफ कर, स्पिरिटनं पूस, बसव, चालू कर, बंद कर, पुन्हा पूस. खरं कारण तिला शोधायचंच नव्हतं. तिला कुंकूच हवं होतं. आणि प्रत्येक वेळी बटण दाबलं की नव्यांबरोबर ती जुनी डिस्कही बिचारी धडपडत उठायची, टकटकायची, पुन्हा पडायची.

सुलभाबाई त्या खोलीत फिरकल्या नाहीत. केर काढतानाही उंबऱ्यापर्यंत येऊन झाडू थांबायचा.

शेवटी सोनालीनं दीपकला फोन लावला आणि कुंकवाची कथा ऐकवली.

"कुंकवानं काय होतंय, वहिनी?" तो हसला. "आमच्या दुकानात सगळ्याच मशीनला लागतंय. ते सोडा. गेल्या वर्षी तुम्ही काडीसारखी एसएसडी नेली होती ना, थेट बोर्डात बसणारी? ती कुणी बसवली?"

"मीच."

"ह्या बोर्डात ती काडी बसली की शेवटची दोन सॉकेटं बंद पडतात. तुम्ही नव्या डिस्क तिथंच जोडल्या असणार. अलीकडच्या सॉकेटात घाला, बघा. आणि जुनी टकटकतेय म्हणालात, ती काढून ठेवलीय ना? ती लावून चालू-बंद करू नका हं. जीव जाईल तिचा."

सोनालीनं फोन ठेवला. घाईघाईनं वायरी अलीकडच्या सॉकेटात घातल्या, जुनी काढायचं राहूनच गेलं. बटण दाबलं. निळ्या पडद्यावर दोन्ही नव्या डिस्क शहाण्यासारख्या उभ्या, त्यातल्या एकीच्या अंगावर तर अजून कुंकवाचं बोट होतं. नेहमीची टकटक मात्र कुठंच नव्हती. तिनं कान लावला. जुनी डिस्क गप्प होती.

दीपकनं ती पाहिली, रातोरात बसनं बेंगळुरूला पाठवली, तिथल्या डेटा काढून देणाऱ्या लोकांनीही पाहिली. आतली तबकडीच खरवडली गेली होती. त्यातून काही निघणार नाही, असं फोनवर कळलं, तेव्हा कोजागिरी उद्यावर आली होती.

"गेलं काय गं ते?" सुलभाबाईंनी विचारलं.

"गेलं, आत्याबाई."

"माझ्यामुळं." त्या भाजी चिरत होत्या, विळीवरून हात थांबला. "पुनवेपर्यंत बन्नी देतात. मी जाऊन तिचे पाय धरते. तुला बोलणी नकोत."

इथं सोनालीनं बोलायला हवं होतं. तोंड उघडलंही. पण उघडलेल्या तोंडातून निघालं ते, "मी पण येते." एवढंच. सॉकेटची गोष्ट तिनं पोटातच ठेवली, आणि रात्रभर ती तिथं टोचत राहिली.

भट्टी बंद होती, पण बोळाला अजून भाजक्या तांदळाचा वास होता. लक्कव्वानं चटई अंथरली. सुलभाबाई बसल्याच नाहीत. लक्कव्वाच्या हातावर बन्नीची पानं ठेवली, नेहमीप्रमाणं "बन्नी तगोंडु बंगारदंग इरोणु" म्हणाल्या, सोन्यासारखं राहू या म्हणाल्या, आणि खरोखरच वाकल्या. साठी उलटलेली बाई, गुडघे धरलेले.

"अव्वा, अव्वा, हे काय करतायसा!" लक्कव्वानं त्यांना वरच्या वर धरलं.

"माझ्या कुंकवानं तुझ्या मालकाचं बोलणं गेलं गं. मला कळत नाही त्यात हात घातला. माफ कर मला."

"कुंकू लावलंसा, चोरी न्हाई केलासा. नशिबात नव्हतं माझ्या." लक्कव्वाचे डोळे भरले. सुलभाबाईंचेही. दोघी एकमेकींचे हात धरून उभ्या. माफी मागून झाली, देऊनही झाली. कुणी सोनालीकडं बघतसुद्धा नव्हतं. नुसतं गप्प राहिलं असतं तरी चाललं असतं, आणि हेच तिला सोसवेना.

"कुंकवानं काही झालं नाही," ती म्हणाली. "वायरी मी चुकीच्या जागी लावल्या होत्या. कुंकू तसंच आहे आणि डिस्क चालू आहेत. जुनी मोडकळीला आलीय हे मला गणपतीपासून माहीत होतं. मी काढून ठेवली नाही. आणि अक्का, मशीनवर काही लावलंच नव्हतं मी. इतके महिने. एकदाही नाही."

बाहेर एक रिक्षा गेली. सुलभाबाईंनी लक्कव्वाचे हात हळूच सोडले. सुनेकडं बघितलं आणि चटईच्या कडेला बसल्या.

लक्कव्वा उभीच होती. शिव्या देईल, असं सोनालीला वाटलं. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तिनं मुठीतली बन्नीची पानं बाळाप्पाच्या फोटोपाशी ठेवली, पदरानं तोंड पुसलं आणि सोनालीसमोर येऊन खाली बसली.

"असू दे. ते गेलं. पण तू ऐकलीस न्हवं?" तिचा आवाज एकदम हलका झाला होता. "कोठीघरात ते आणि तू, दोघंच होतासा. कानाला ते काळं लावलं होतंस. तू सांग की. काय म्हणालेते?"

सोनालीनं डोळे मिटले. कोठीघर आठवलं. तांदळाचं पोतं आठवलं. बाळाप्पानं टोपी काढून मांडीवर ठेवली, परत घातली. सदऱ्याचं वरचं बटण लावलं. "शीतल," असं म्हणून सुरुवात केली. आणि मग? मग कॅमेऱ्याच्या पडद्यावरच्या, आवाज दाखवणाऱ्या हिरव्या पट्ट्या आठवत होत्या. त्या वर जायच्या, खाली यायच्या, लालपर्यंत जात नव्हत्या, म्हणून तिला बरं वाटलं होतं. त्याचे ओठ हलत होते. तिच्या कानात बाळाप्पा सगळं बोलला होता, एकेक शब्द, आणि तिच्यापाशी त्यातला एकही नव्हता.

सुखानं राहा, सासरी नीट वाग, आईला विसरू नकोस. कुठलाही बाप हेच म्हणतो. तिनं एवढं सांगितलं असतं तरी लक्कव्वा जन्मभर त्यावर जगली असती, आणि खोटं बोलायची तर सोनालीला सवयच होती. तिनं डोळे उघडले. चटईच्या कडेवरून सुलभाबाई तिच्याकडंच बघत होत्या.

"मी ऐकत नव्हते, अक्का," सोनाली म्हणाली. "आवाज नीट येतोय का, तेवढंच बघत होते."

लक्कव्वानं वळून फोटोकडं बघितलं. मग तिनं विचारलं, "आलता काय? नीट?"

"हो," सोनाली म्हणाली. "एकदम स्वच्छ आला होता."