हुकुमाचं दुसरं पान

माझ्या भावाला लहानपणापासून फेफरं आहे, हे मला एकोणीसशे बावन्न साली सरकारकडून कळलं. मी त्याची सख्खी थोरली बहीण. आई गेल्यावर रघुजीला मीच भरवलं, न्हाऊ घातलं, हलसूरच्या तळ्यात डुंबायला गेला म्हणून दोनदा बदडलंही. आणि मलाच पत्ता नाही! तो हुकूम हातात धरून मी चुलीपुढे बसून राहिले. तव्यावरची भाकरी करपली तरी मला वास आला नाही.

मिशनच्या शाळेत मी चार यत्ता इंग्रजी शिकले होते, त्यामुळे कागद मला वाचता आला. अठ्ठेचाळीस साली काश्मीरच्या लढाईत सुरुंग फुटून रघुजीच्या डोक्यात लोखंडाचा तुकडा घुसला. तेव्हापासून फेफरं. पलटणीने घरी धाडलं. अपंगत्वाच्या पेन्शनीचा अर्ज केला, तर त्याचं हे उत्तर: आजार भरतीच्या आधीपासूनचा, लढाईशी संबंध नाही, सबब नामंजूर. पेन्शन नाही म्हणजे लष्करी इस्पितळातलं औषधही नाही. औषध नसलं की काय होतं ते मी रोज बघत होते. आठवड्यातून दोनदा, कधी तीनदा, उभ्याचा आडवा. एकदा नळावर पडला, तेव्हा कपाळाला सात टाके पडले. गिरणीवाले, छापखानेवाले, कोणीच कामाला ठेवेनात. त्यात चिकपेटमागच्या आमच्या गल्लीत कुजबुज सुरू झाली, की रघुजीने रोग लपवून सरकारला फसवलं. त्या कुजबुजीने तो जेवढा खंगला, तेवढा फेफऱ्याने खंगला नव्हता.

अपिलाला सहा महिन्यांची मुदत होती. अपील वेळेत गेलं तर ठीक, नाहीतर हा शिक्का जन्मभराचा. म्हणून चांगला वकील गाठायचा असं मी ठरवलं. मी विधवा बाई, पण तोंडाने कमी नाही. पदर खोचला आणि भावाला घेऊन निघाले.

आणि भावाने मला तोंडात बोट घालायला लावलं. कॅन्टोन्मेंटातले मोठे वकील, भिंतभर पुस्तकं, त्यांनी जखमेची तारीख विचारली, पलटणीतल्या साहेबाचं नाव विचारलं. रघुजी उठला आणि बाहेर. का रे? म्हणे, त्यांचा पंखा कुरकुरतो, माझं डोकं उठतं. दुसऱ्यांनी लष्करातून सगळी फाईल मागवू म्हटलं, तर ह्याला त्यांचं कुत्रं आवडलं नाही. आवडले कोण, तर आमच्याच जातीतले जयसिंगराव. त्यांनी हुकुमाकडे पाहिलंसुद्धा नाही. कोऱ्या वकीलपत्रावर अंगठा किंवा सही, काय जमेल ते करा म्हणाले, आणि सुपारी कातरत राहिले. रघुजी लगेच सही करायला वाकला. मी त्याचा दंड धरून त्याला जिना उतरवला. लढाईत जाऊन आलेला माणूस प्रश्न विचारणाऱ्या वकिलाला घाबरतो, हे मला खरंच वाटेना.

आता माझ्याबद्दल थोडं सांगते. आमच्या गल्लीतली दहाबारा पोरं पलटणीत होती. आणि पलटणीत रजा सरळ मागून कोणाला मिळते? घरी कोणी मरायला टेकल्याशिवाय साहेब ऐकत नाही. म्हणून गल्लीतल्या आया माझ्याकडे येत आणि मी इंग्रजीत पत्र लिहून देई. प्रतापरावाच्या आईला मी दोनदा मारलं. म्हातारी अजून ठणठणीत आहे आणि दर चैत्रात मला लोणचं पाठवते. फत्तेसिंगाचं घर मी एकदा पाडलं, एकदा जाळलं. यात कोणालाच काही गैर वाटत नसे. माझ्या पत्राला रजा मिळाली नाही असं व्हायचं नाही, आणि त्याचा मला तोरा होता. फक्त रघुजीसाठी लढाईच्या धामधुमीत एक पत्र टाकलं होतं, त्याचं उत्तर आलं नाही. टपाल गहाळ झालं असेल असं मी धरून चालले.

मुदत संपायला अकरा दिवस राहिले तेव्हा कोणीतरी मल्लाप्पा वकिलांचं नाव सांगितलं. मूळचे आनेकलचे, पण बेळगावला शिकल्यामुळे मराठी बोलणारे. बळेपेटेत वाद्यांच्या दुकानावर त्यांची खोली. खाली कोणीतरी तबला लावत होतं आणि वर हे हुकुमाच्या कागदावर बोट ठेवून एकेक शब्द वाचत होते. शेवटच्या ओळीवर बोट थांबलं.

"अक्का, हे वाक्य संपलं नाही. 'आजार पूर्वीचा असल्याचे' म्हणून पान संपलंय. कशावरून पूर्वीचा? दुसरं पान कुठं आहे?"

एवढंच होतं, असं रघुजी म्हणाला.

"सरकार अर्ध्या वाक्यावर सही करत नाही," मल्लाप्पा म्हणाले.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. गल्लीची पत्रं लिहिणारी मी, साडेपाच महिने तो कागद उशाशी घेऊन निजले, आणि अर्धं वाक्य मला दिसलं नाही. तेवढ्यात रघुजी उठला. "चल अक्का. ह्यांचा जिना फार उभा आहे. जयसिंगरावांकडं जाऊ."

पण बोलताना त्याचा हात सदऱ्याच्या आतल्या खिशावर गेला. लहानपणी गूळ चोरला की असाच हात ठेवायचा. मी उठून त्याच्यासमोर उभी राहिले आणि तळवा पुढे केला. तो नको नको म्हणत राहिला. मग त्याने घडी काढून दिली आणि खिडकीकडे तोंड फिरवलं.

मी मोठ्याने वाचायला लागले, रागारागाने, भरभर. "सदर जवानाच्या थोरल्या बहिणीने पाठवलेल्या पत्रावरून सिद्ध होते. त्यात ती म्हणते की भावास सहाव्या वर्षापासून फेफरे येते, तोंडास फेस येतो, हातात किल्ली द्यावी लागते, कांदा हुंगवावा लागतो."

पुढे मला वाचवेना. ती किल्ली माझी होती. तो कांदा माझा होता. शेजारच्या तानूबाईच्या मुलीला फेफरं यायचं, तिचं बघून मी एकेक गोष्ट उचलली होती. ते पत्र पोचलं होतं.

मी बाकावर बसले. रघुजीला घरी पहिल्यांदा फेफरं आलं, तोंडाला फेस आला, तेव्हाच माझ्या काळजात चर्र झालं होतं. मी लिहिलं आणि तसंच झालं! पण पत्र तर पोचलंच नाही, अशी मी मनाची समजूत घातली, देवीला खणानारळ केला आणि कोणालाही काही बोलले नाही. आणि साडेपाच महिने मी कारकुनांना, डॉक्टरांना, दिल्लीला शिव्या घालत होते.

मल्लाप्पांनी मला पाणी दिलं. मग अगदी हळू विचारलं, "फेफरंच का लिहिलंत अक्का?"

"ते तपासता येत नाही म्हणून," मी म्हणाले.

यावर मल्लाप्पा रघुजीकडे वळले. पत्र पलटणीत आल्यावर काय झालं, ते त्यांना हवं होतं. रघुजी खिडकीतून खाली बघत राहिला. मी म्हटलं, सांग. तो म्हणाला, काही नाही झालं. मी पुन्हा म्हटलं, सांग रघ्या.

"साहेबानं बोलावलं," तो म्हणाला. "हे खरं काय विचारलं. मी म्हटलं, माझी बहीण सगळ्या गल्लीला असली पत्रं लिहून देते, मी ठणठणीत आहे. साहेब हसला. पत्राच्या पाठीवर काहीतरी लिहून सही केली. बाकीचे पण हसले. बहिणीनं घरी बोलावलंय म्हणून. मग दुसऱ्या दिवशी वाटेवरचे सुरुंग काढायला माणसं मागितली, तेव्हा मी पहिलं नाव दिलं."

खालचा तबला थांबला होता. मला रडूसुद्धा आलं नाही. मी नुसती त्याच्या कपाळावरच्या वणाकडे बघत बसले. मी त्याला घरी आणायला पत्र लिहिलं होतं, आणि त्याच पत्राने त्याला सुरुंगावर नेऊन उभं केलं. तीन वर्षं तो माझ्या हातचं जेवत होता आणि एका शब्दाने बोलला नव्हता. गल्लीने खोटारडा म्हटलं, तेही त्याने गिळलं. पंखा, कुत्रं, जिना, सगळं मला हे कळू नये एवढ्याचसाठी.

मल्लाप्पा मात्र ताठ बसले होते. पत्राच्या पाठीवर साहेबाने काय लिहिलं ते मागवून घेऊ, म्हणाले. त्याच साहेबाने ह्याला ठणठणीत समजून सुरुंगांवर पाठवलं, तर सरकारचं म्हणणं तिथेच पडतं. पण नुसतं तेवढं पुरणार नाही. बहिणीने शपथेवर लिहून दिलं पाहिजे की पत्रातला मजकूर खोटा होता.

"विचार करा अक्का," ते म्हणाले. "पलटणीला खोटं लिहिलं असं तुम्ही स्वतः कबूल करणार. चौकशी होऊ शकते. आणि ह्या गल्लीतून पुन्हा कोणाचं पत्र गेलं तर साहेब ते बघणार नाहीत."

"म्हणूनच नको," रघुजी म्हणाला. "मला काय, होतंय तसं होऊ दे. जयसिंगराव काही विचारत नाहीत. तेच बरे."

मी त्याला खाली बस म्हटलं. लहानपणी म्हणायची त्याच आवाजात. तो बसला. मी मल्लाप्पांना सांगितलं की वकील तुम्हीच, आणि कागद द्या.

त्यांनी मजकूर सांगायला सुरुवात केली तेव्हा मी हात वर करून त्यांना थांबवलं. पत्रं मला लिहिता येतात. दौतीत टाक बुडवला आणि लिहिलं: मी, अनुसूया, रघुजीची थोरली बहीण, शपथेवर लिहून देते की माझ्या भावाला भरतीच्या आधी कधीही फेफरे आले नाही. पहिल्या पत्रात मी लिहिलेली किल्ली आणि कांदा शेजारच्या मुलीचे होते. माझा भाऊ साहेबांशी खरे बोलला. खोटे मी बोलले.

ओळी वाकड्या गेल्या. उभ्या जन्मात माझी इतकी वाईट ओळ गेली नव्हती. खिडकीतल्या वाऱ्याने कागद उडायला लागला, तेव्हा रघुजीने उठून त्यावर आपला तळहात ठेवला, आणि माझी सही होईपर्यंत तो तिथंच ठेवून उभा राहिला.